मनाची मरगळ आणि औषधांचा वाद

यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा माणूस आपल्याला नैराश्य आले आहे असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, 'मन लागत नाही.' बिड्या वळणारी बाई म्हणते, 'जिवाला चैन नाही, काही गोड लागत नाही.' कोणी डोके जड झाल्याचे सांगतो, कोणाच्या छातीत धडधडते, कोणी अंगात त्राण उरले नाही म्हणून डॉक्टरकडे शक्तीची सुई मागतो. तीस वर्षे कामगारांत वावरताना ही भाषा आमच्या कानांवर पडत आली आहे. पगाराचा, बोनसचा, नाहीतर कामावरून कमी केल्याचा कागद घेऊन माणूस युनियनच्या कचेरीत येतो. कागदाचे बोलणे पाच मिनिटांत संपते आणि तरीही तो उठत नाही. त्याच्या त्या न उठण्याविषयी आज बोलावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नाही, वैद्यही नाही. आमची शाळा आठवीत सुटली आणि पुढचे शिक्षण कामगार वाचनालयाच्या बाकावर झाले. पण 'ह्यावर औषध कोणाचे घ्यावे?' हा प्रश्न आमच्यापुढे इतक्यांदा आला की त्याविषयी वाचल्यावाचून व जाणत्यांस विचारल्यावाचून गत्यंतर उरले नाही.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मन खट्टू होणे हा रोग नव्हे. घरात मयत झाली, मुलीचे जमलेले लग्न मोडले, मालकाने उद्यापासून येऊ नको म्हटले, की माणूस खचतो. न खचला तरच नवल. ही मरगळ कमीजास्त होत राहते, जुना सोबती भेटला की घटकाभर विसरते आणि दिवस जातील तशी ओसरते. ह्याहून निराळी अशी एक अवस्था आहे. तीत दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ मनावर मळभ राहते. पूर्वी ज्यात रस होता त्यात तो उरत नाही. झोप पहाटे तीनलाच मोडते, किंवा माणूस दिवसदिवस अंथरुणात पडून राहतो. भूक मंदावते, साध्या हिशेबात लक्ष ठरत नाही. आपण निरुपयोगी आहोत, घराला ओझे झालो आहोत, असे वाटू लागते आणि काहींना जगणेच नकोसे होते. डॉक्टर ह्यास डिप्रेशन म्हणतात. मराठीत विषण्णता म्हणता येईल. आपल्या पूर्वजांना ही अवस्था ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे, आणि रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषाद सर्वांत वरचा, असे चरकसंहितेत सांगितले आहे.

२०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स ह्या संस्थेने देशातील बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. दर वीस प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात केव्हातरी विषण्णतेचा विकार झाल्याचे तीत आढळले. नेहमीच्या मनोविकारांनी पीडलेल्या शंभरांपैकी सुमारे पंचाऐंशी जणांना उपचार मिळत नव्हते, असेही दिसले. उपचार मिळत नव्हते म्हणजे पाहणी करणाऱ्यांच्या लेखी उपचार मिळत नव्हते. आमचा अनुभव असा की ही पंचाऐंशी माणसे हात जोडून बसलेली नसतात. ती काही ना काही घेतच असतात. काय घेतात, हाच आजचा विषय आहे. पण त्याआधी दुखणे येते कोठून ते पाहू.

आमच्या चळवळीतले काही मित्र ह्याचे उत्तर एका दमात देतात: व्यवस्था बदला, मन आपोआप बरे होईल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य किती आहे हे एका गावाच्या हकिगतीवरून दिसते. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे गाव आहे. सारे गाव एका कापडगिरणीवर जगत असे. १९२९-३० च्या मंदीत ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल ह्या तरुण संशोधकांनी तेथे जाऊन बेकारीने माणसांचे काय होते ते पाहिले आणि १९३३ साली ते पुस्तकरूपाने मांडले. त्यांनी भाषणे केली नाहीत, त्यांनी मोजले. घड्याळ घेऊन रस्त्याने जाणाऱ्यांची चाल मोजली. पुरुष हळू चालत होते आणि वाटेत पुन:पुन्हा थांबत होते. बायकांना घरकाम होते, त्यांची चाल टिकून होती. गावच्या वाचनालयाचा हिशेब पाहिला, तर लोकांपाशी दिवसभर रिकामा वेळ असूनही पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. वेळ वाढला आणि वाचन घटले! काम माणसाला पगाराखेरीज दुसरेही पुष्कळ देते, असा विचार याहोडाबाईंनी पुढे मांडला. दिवसाला आकार येतो, घराबाहेरच्या माणसांशी संबंध राहतो, दहाजणांच्या कामात आपला हात आहे असे वाटते, चारचौघांत ओळख मिळते. पगार थांबतो तेव्हा हे सारेच थांबते.

हे वाचताना आम्हांस गिरणगाव आठवले नाही असे कसे होईल? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतले हजारो पुन्हा कधी खात्यात गेले नाहीत. त्या वेळी आम्ही लहान होतो; पण पुढे त्या पिढीतली माणसे आम्हांस भेटली. भोंगा वाजत नसतानाही पहाटे पाळीच्या वेळी उठून, अंघोळ करून, चाळीच्या पायरीवर बसून राहणारी माणसे होती ती. त्यांच्या मनाचे काय झाले ह्याची मोजदाद मारिएनथालसारखी कोणी केली असती तर फार मोलाची झाली असती.

तेव्हा कामगाराचे मन आणि त्याचे काम ही दोन निराळी खाती नाहीत, हे कबूल. पण एवढ्याने भागत नाही. एकाच दिवशी कामावरून गेलेल्या दहाजणांपैकी नऊजण कसेबसे सावरतात आणि दहावा अंथरुणास खिळतो. कायम नोकरी असलेल्यासही हे दुखणे होते, मालकाच्या घरातही होते. कधी थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावलेले असते, कधी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते, कधी रक्त कमी असते, आणि ती तपासणी झाल्यावाचून सारा दोष परिस्थितीवर टाकणे हा अन्यायच होय. खड्ड्यात पाय मोडलेल्या माणसाला नुसता खड्डा दाखवून काय उपयोग? खड्डाही बुजविला पाहिजे आणि हाडही बसविले पाहिजे.

आता औषधांकडे वळू. आमच्या वस्तीत ह्या दुखण्यावर सर्वांत जास्त खपणारे औषध दारू आहे. ती कोणत्याच पॅथीत मोडत नाही आणि तिच्यावर व्याख्यानमालांत वादही झडत नाहीत. पण मनावरचा भार उतरावा म्हणूनच ती घेतली जाते. दोन घोटांनी तासभर बरे वाटते हे खरे. नंतर मात्र उत्तररात्रीची झोप ती मोडते आणि विषण्णतेला खतपाणी घालते. दुसरा क्रमांक झोपेच्या गोळ्यांचा. डॉक्टरने आठ दिवसांसाठी लिहिलेली चिठ्ठी दाखवून वर्षभर गोळ्या नेणारे आम्ही पाहिले आहेत. ह्या गोळ्यांची सवय लागते आणि त्या विषण्णतेवरचे औषध नव्हेत. तिसरा क्रमांक अंगाऱ्याचा. अंगाऱ्याची पुडी खिशात ठेवल्याने कोणाचे बिघडत नाही. बिघडते ते अंगात काही शिरले आहे म्हणून माणसाला बांधून घालण्याने. भूत उतरविण्याच्या नावाखाली दोराने बांधणे, मारणे, मिरच्यांची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तामिळनाडूत एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये एका आश्रयगृहास आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळताही आले नाही; २८ जण मेले. श्रद्धेचा मान राखून आम्ही इतकेच म्हणतो की साखळी हा उपचार नव्हे.

सुशिक्षित मंडळींचा वाद ह्यापुढे सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, डॉक्टरी गोळ्या हे विष आहे, आयुर्वेद, योग, वनस्पती, होमिओपॅथी ह्यांनी मुळापासून गुण येतो. दुसरा म्हणतो, हे सारे थोतांड आहे, गोळी घ्या आणि गप्प बसा. दोन्ही पक्ष औषधाचे गोत्र विचारतात. आम्हांस वाटते, औषधाला गोत्र विचारू नये; त्याची परीक्षा कशी झाली ते विचारावे.

आमच्याच मातीतले एक उदाहरण घ्या. सर्पगंधा ही वनस्पती वैद्य फार पूर्वीपासून वापरीत आले. उत्तरेकडे तिला वेडावरची मुळी म्हणत. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनी १९३१ साली तिचा उपयोग उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर होतो असे लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात आपल्या रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रिसर्पीन नावाचे द्रव्य वेगळे काढले. म्हणजे वैद्याची मुळी डॉक्टरांच्या कपाटात गेली. पण कथा येथे संपत नाही. रक्तदाबासाठी रिसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांचे मन खचते, ते विषण्ण होतात, अशा नोंदी डॉक्टरांनी त्याच दशकात केल्या. त्या नोंदी कितपत पक्क्या ह्यावर पुढे मतभेद झाले. पण वनस्पती आहे म्हणजे ती निरुपद्रवीच, हा समज मात्र टिकला नाही.

उलट बाजूचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू ह्या क्षयाच्या रुग्णालयात १९५२ साली आयप्रोनियाझिड नावाचे नवे औषध क्षयावर देऊन पाहत होते. ते घेणारे रुग्ण एकाएकी हसूबोलू लागले, वॉर्डात नाचूगाऊ लागले. क्षयावर शोधलेले औषध मनावर चालले! त्यातूनच विषण्णतेवरील पहिल्या औषधांपैकी एक जगाला मिळाले. पुढे यकृतास अपाय होतो असे दिसून आल्यावर अमेरिकेत ते मागे घेतले गेले. प्रयोगशाळेत जन्मले म्हणून ते निर्दोष ठरले नाही.

युरोपात, विशेषत: जर्मनीत, सेंट जॉन्स वर्ट नावाच्या पिवळ्या फुलांच्या झुडपाचा अर्क मनाच्या मरगळीवर पुष्कळ वर्षे दिला जातो. त्याची परीक्षा झाली आहे, आणि ती कशी झाली हे सांगण्याजोगे आहे. रुग्णांचे गट पाडावयाचे, एकास अर्क, दुसऱ्यास नेहमीचे औषध, तिसऱ्यास तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी द्यावयाची, आणि कोणास काय दिले हे रुग्णास वा तपासणाऱ्यास कळू द्यावयाचे नाही. अशा २९ परीक्षांचा, सुमारे साडेपाच हजार रुग्णांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. अर्क बिनऔषधाच्या गोळीहून सरस आणि नेहमीच्या औषधांच्या जवळपास ठरला. मात्र जर्मनभाषक देशांतून आलेले निकाल इतरांहून अधिक अनुकूल होते, हेही त्यात नोंदले आहे. त्याआधी २००२ साली अमेरिकेत ३४० रुग्णांवर मोठी परीक्षा झाली. तीत अर्क बिनऔषधाच्या गोळीपुढे हरला. वनस्पतींच्या विरोधकांनी ह्याचा बराच गाजावाजा केला. पण त्याच परीक्षेत तुलनेसाठी ठेवलेली डॉक्टरी गोळीही मुख्य कसोटीवर सरस ठरली नाही, हे सांगण्यास ते बहुधा विसरतात.

तर मग हा अर्क घ्यावयास हरकत काय? हरकत आहे, आणि ती आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. हा अर्क शरीरातील दुसरी औषधे लवकर नाहीशी करतो. संततिनियमनाच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवण्याचे औषध, एचआयव्हीवरची काही औषधे, मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाची औषधे ह्यांचा परिणाम त्यामुळे घटतो. विषण्णतेच्या डॉक्टरी गोळीबरोबर घेतला तर दोहोंचा परिणाम नको तितका वाढण्याचा धोका असतो. अश्वगंधेचेही तसेच. ताण व झोप ह्यांसाठी तिच्या लहानसहान परीक्षा झाल्या आहेत, काहींत गुण दिसला आहे. पण यकृतास सूज आल्याच्या नोंदीही आहेत आणि डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. ती बंदी योग्य की अयोग्य ह्यात आम्ही पडत नाही. शिवाय पुडीत काय आहे हे तरी कोणास ठाऊक? अमेरिकेत बॉस्टन परिसरात विकत घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधे २००४ साली तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल सापडला. आयुर्वेदाचा कैवार घेणाऱ्यांनी ह्यावर रागावण्याऐवजी प्रत्येक पुडीवर घटक छापून घेण्याची चळवळ करावी. आम्ही तीत सामील होऊ.

योगाविषयी आमचे मत अधिक अनुकूल आहे, आणि त्यास कारण आहे. महाराष्ट्रात लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले ते योगाची उपकरणांनी परीक्षा करण्यासाठीच. म्हणजे परीक्षेस सामोरे जाण्याची परंपरा ह्या विद्येत शंभर वर्षांची आहे. निम्हान्समध्ये २००० साली विषण्णतेने रुग्णालयात दाखल झालेल्या ४५ जणांचे तीन गट केले. एकास विजेचे उपचार, एकास इमिप्रामिन हे औषध आणि एकास सुदर्शन क्रिया ही श्वसनपद्धती दिली. चार आठवड्यांनी विजेचे उपचार सर्वांत सरस ठरले. श्वसन आणि गोळी साधारण बरोबरीने. गट पंधरापंधराचे, माणसे रुग्णालयात डॉक्टरांच्या नजरेखाली, हे विसरता कामा नये. घरी बसून गोळ्या टाकून द्या असा त्याचा अर्थ निघत नाही. रोज चालणे, श्वसन, आसने ह्यांनी मन हलके होते एवढे मानावयास मात्र जागा आहे, आणि त्यास पैसा पडत नाही. बारा तास मागावर उभे राहिलेल्याने व्यायाम कधी करावा हा प्रश्न उरतोच. तो कामाच्या तासांचा प्रश्न आहे. होमिओपॅथीबद्दल थोडक्यात सांगतो. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन मंडळाने उपलब्ध परीक्षा तपासून, ती गुणकारी आहे असा भरवशाचा पुरावा कोणत्याही आजाराबाबत नाही, असा निष्कर्ष काढला.

इतके बोलून डॉक्टरांना मोकळे सोडले तर तो पक्षपात होईल. त्यांच्या गोळ्यांचा पुरावा इतरांहून मोठा आहे हे खरे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात २१ औषधे, ५२२ परीक्षा आणि १,१६,४७७ रुग्ण होते. सर्व २१ औषधे बिनऔषधाच्या गोळीहून सरस ठरली. पण फरक मध्यमच होता, आणि बहुतेक परीक्षा दोन महिन्यांच्या आसपासच्या होत्या. मेंदूत सेरोटोनिन नावाचे द्रव्य कमी झाल्याने विषण्णता येते, हे जे वर्षानुवर्षे छातीठोकपणे सांगितले गेले, त्यास भक्कम आधार नाही असे २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी दाखविले. औषधाचा गुण आणि त्याचे दिलेले कारण ह्या दोन गोष्टी आहेत; कारण चुकले म्हणून गुण खोटा ठरत नाही. सौम्य विषण्णतेत गोळीची गरज नसते हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मग दवाखान्यात गोळीच का मिळते? कारण रांगेत शंभर माणसे असतात आणि प्रत्येकास पाच मिनिटे येतात. वैद्य नाडी धरतो, झोपेचे विचारतो, जेवणाचे विचारतो, घरचे विचारतो. अर्धा तास कोणीतरी आपले ऐकले एवढ्यानेच माणूस हलका होऊन बाहेर पडतो. कामगार वैद्याकडे जातो तो पुष्कळदा त्या अर्ध्या तासासाठी जातो. ज्यांना हा ओढा नापसंत आहे त्यांनी सरकारी दवाखान्यात तो अर्धा तास मिळवून द्यावा.

आमच्या संघटनेतल्या एका मागवाल्याची हकिगत येथे सांगितली पाहिजे. चाळिशीचा गडी, चार माग सांभाळणारा, सभेत सर्वांत पुढे बसणारा. दोन महिने तो सभेला आला नाही. मग त्याची बायको कचेरीत आली. "भाऊ, ह्यांचं काही खरं नाही," ती म्हणाली, "जेवायला बसतात आन् ताटाकडं नुसतं बघत राहतात." आम्ही म्हटले, "वहिनी, उद्या सकाळी आम्ही येतो, तुम्ही फक्त त्यांना तयार ठेवा." सरकारी रुग्णालयात नेले, डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या. ह्या गोळ्यांचा गुण दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे जातात आणि तोंड कोरडे पडणे, पोट बिघडणे हे त्रास मात्र पहिल्याच दिवसापासून सुरू होतात. दहाव्या दिवशी एका नातलगाने जिव्हाळ्याने एक चूर्ण आणून दिले आणि सांगितले, 'त्या गोळ्या मेंदू सुकवतात, आधी त्या बंद कर.' त्याने गोळ्या बंद केल्या. पुढच्या पंधरवड्यात तो अधिकच खचला आणि एका रात्री रेल्वे रुळांच्या बाजूने चालत निघाला. शेजारच्या खोलीतला पोरगा रातपाळीहून येत होता, त्याने ओळखले आणि हाताला धरून घरी आणले. डॉक्टरांकडे पुन्हा नेले, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, दीड महिन्याने तो जेवू लागला आणि तीन महिन्यांनी मागावर उभा राहिला. देवळात सकाळी प्राणायामाचा वर्ग भरतो, तेथेही तो जाऊ लागला. डॉक्टरांनी त्यास आनंदाने होकार दिला. त्या चूर्णाने त्याचे काही बिघडविले असे आम्ही म्हणत नाही. बिघडविले ते 'आधी त्या बंद कर' ह्या चार शब्दांनी. बरे वाटू लागल्यावरही ह्या गोळ्या साधारण सहा महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि थांबवावयाच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू कमी करीत.

म्हणून कोणी नवा उपाय सुचविला की आम्ही एक प्रश्न आधी विचारतो: हा उपाय दुसरे काही सोडावयास सांगतो काय? चालू औषध सोड, डॉक्टर सोड, माणसांत जाणे सोड, असे जो सांगतो त्याचा उपाय कितीही सात्त्विक असो, आम्ही त्यास दारातच थांबवितो.

आता औषधाच्या पलीकडची एक गोष्ट, आणि ती आपल्या शेजारची आहे. गोव्यात संगत नावाची संस्था १९९६ पासून काम करते. तिने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. बऱ्यापैकी तीव्र विषण्णता असलेले ४९५ रुग्ण घेतले. निम्म्यांना केंद्रातील नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले. बाकीच्यांना त्याशिवाय सहा ते आठ भेटी दिल्या. भेटणारे डॉक्टर नव्हते की मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. गावातीलच, थोडे शिकविलेले लोक होते. ते उपदेश करीत नसत. रुग्णाने सोडून दिलेली लहान कामे कोणती ते विचारीत आणि त्यांतले एकेक पुन्हा सुरू करवीत: अंगणात झाड लावणे, बहिणीकडे जाणे, चर्चला किंवा देवळात जाणे. मन लागले म्हणजे काम करीन, ही वाट उलटी फिरवून काम केले म्हणजे मन लागेल, अशी ती पद्धत आहे. तीन महिन्यांनी ह्या गटातील ६४ टक्के लोक विकारातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात ३९ टक्के. मारिएनथालच्या बेकारांचे जे हरवले होते तेच येथे चमच्याचमच्याने परत दिले जात होते, असे आम्हांस वाटते. आणि हे काम करण्यास जी माणसे लागतात ती प्रत्येक संघटनेत, प्रत्येक महिला मंडळात, प्रत्येक चाळीत आहेत.

अशा माणसाशी बोलावे कसे, हे अनेकजण विचारतात. 'मन घट्ट कर' असे म्हणू नये. घट्ट करता आले असते तर त्याने केलेच असते. 'आमच्यापेक्षा तुझे बरे आहे' हेही नको. त्याच्याजवळ बसावे, चहा मागवावा, थोडे त्यास बोलू द्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज खोटा आहे. उलट कोणी विचारले म्हणून सुटका वाटते. 'येतो' असे उत्तर मिळाले तर त्या रात्री त्यास एकटे ठेवू नये आणि दुसऱ्या दिवशीच दवाखाना गाठावा. पोलिसांची भीती पुष्कळांस वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरावयाचे ठरविले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत त्या प्रयत्नाचे जुने ३०९ कलम उरलेले नाही. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा दूरध्वनी २०२२ पासून चालू आहे. तो विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

दवाखान्यात पहिल्या खेपेस कोणीतरी बरोबर जावे. बायको जाईलच, पण कामावरचा एखादा सोबती असला तर बाहेरच्या बाकावर बसून राहण्याची लाज कमी होते. घरातल्या सगळ्या पुड्या, बाटल्या, गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भराव्यात आणि डॉक्टरांच्या टेबलावर रिकाम्या कराव्यात. रक्तदाबाची गोळी, वैद्याचे चूर्ण, जाहिरात पाहून मागविलेले टॉनिक, काही लपवू नये. नाव नसलेली पुडी असेल तर कोणी दिली, केव्हापासून घेतो, दिवसाला किती, एवढे सांगावे. डॉक्टर रागावले तर रागावू द्यावे. रोज किती दारू होते तेही खरे सांगावे. निघताना पुढच्या खेपेची तारीख कागदावर लिहून घ्यावी. त्या दिवशीची पाळी बदलून द्यावी म्हणून मुकादमाशी बोलणे, एवढे काम मात्र आजाऱ्यावर न टाकता युनियनने आधीच उरकून ठेवावे.